भगवा आणि जरीपटका

दिवाळीची सुट्टी लागली, की कांदिवलीतल्या आमच्या इमारतीच्या मागील आवारात एक किल्ला उभा राहतो. माझ्या लहानपणी त्यासाठी लागणारी माती शेजारच्या शेतातून घमेल्याने आणीत असत. आता शेत राहिले नाही, माती गोणीने विकत आणावी लागते. पण बाकी सारे जसेच्या तसे आहे. त्याच विटा, तीच पोती, तेच हळीव पेरणे, आणि बुरूज ढासळला की तेच एकमेकांवर खेकसणे. मी चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला, म्हणून किल्ल्यासंबंधीचे तंटे निवाड्यासाठी माझ्याकडे येतात. महाराजांचे सिंहासन कोठे ठेवावे, दरवाजा गोमुखी हवा की सरळ चालेल, असले हे तंटे असतात. त्यांत मला फार काळ घालवावा लागत नाही.

यंदाचा तंटा मात्र झेंड्याचा होता. एका मुलाने बाजारातून महाराजांचे चित्र छापलेला झेंडा आणला होता. एका मुलीने आईच्या जुन्या साडीची जर काढून भगव्या कापडाला लावली होती; तिचे म्हणणे, खरा मराठ्यांचा झेंडा तो जरीपटकाच. तिसऱ्याने पंधरा ऑगस्टचा कागदी तिरंगा जपून ठेवला होता. तिघेही हटून बसले. एवढ्यात पोयसरकडून आमच्या मुलांत खेळायला येणारा एक मुलगा मातीचे हात झटकीत मध्येच म्हणाला, "पण आजोबा, हा झेंडा आपला म्हणतात, तो नेमका कोणाचा? माझापण का?"

त्याचे घर ख्रिस्ती. आजी अजून लुगडे नेसते आणि आपल्यापेक्षा जुनी मराठी बोलते. मुलाच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरेच हवे होते. इतर मुले त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री कपाटातली पुस्तके काढून बसलो. तिन्ही झेंड्यांचा निकाल त्या एका प्रश्नात होता, हे मला वाचता वाचता उमगले.

पहिली गोष्ट रंगाची. भगवा हा मुळात राजाचा रंगच नव्हे. राजाचा थाट म्हणजे सोने, मोती, किनखाप. भगवा हा ज्याने हे सारे टाकले त्याचा रंग. गेरूच्या मातीत वस्त्र बुडवून काढले की संन्याशाची छाटी तयार होते. त्याला ना रेशीम लागते, ना रंगारी. याच रंगाची पताका खांद्यावर घेऊन वारकरी पंढरीची वाट चालतो. दिंडीतल्या पताकेवर कोणाचे नाव नसते, गावाचे नसते, जातीचे नसते. ती ज्याच्या खांद्यावर असेल त्याची, आणि तो थकला की पुढच्याची. मराठी राज्याच्या झेंड्याचा आकार आणि रंग पाहिला, तर दोन टोकांचे, मध्ये खाच असलेले, साधे एकरंगी कापड असेच त्याचे रूप दिसते. युरोपातल्या राजघराण्यांच्या निशाणांवर सिंह, गरुड, मुकुट, ढाली यांची दाटी असते. येथे काहीच नाही. हे काही नसणे फार महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

या झेंड्याच्या जन्माची एक कथा घराघरांत सांगितली जाते. समर्थ रामदास भिक्षेला आले, महाराजांनी झोळीत साऱ्या राज्याचे दानपत्र टाकले, आणि समर्थांनी ते परत करून सांगितले की आता हे राज्य तुझे नव्हे. माझ्या वतीने चालव. त्याची खूण म्हणून छाटीचा तुकडा दिला, तोच भगवा झेंडा. ही दंतकथा आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि महाराज व समर्थ यांची भेट केव्हा झाली यावरच आपल्या संशोधकांनी केवढी शाई खर्ची घातली आहे! पण दंतकथा म्हणून तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. हॅरी अ‍ॅकवर्थ नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना मराठी पोवाड्यांचा नाद. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने त्यांनी पोवाडे मिळवले, छापले आणि काहींचे इंग्रजी पद्यांतर केले. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही कथा आली. तेथून ती कलकत्त्यास रवींद्रनाथ ठाकुरांनी वाचली आणि तिच्यावर 'प्रतिनिधी' ही बंगाली कविता लिहिली. साताऱ्याची कथा, मुंबईच्या कमिशनरच्या हातून, बंगालच्या कवीकडे! घडले नसेल तेही लोकांनी इतके जपले, याचे कारण त्यातला अर्थ त्यांना पटला होता. झेंडा धरणारा हा धनी नव्हे, विश्वस्त आहे, हा तो अर्थ.

आता प्रत्यक्ष पाहिलेल्याची साक्ष घेऊ. इ. स. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर त्याला राजचिन्हे दिसली. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल लोंबणारा सोन्याचा तराजू. तराजू हे न्यायाचे चिन्ह, हे त्या परक्यालाही न सांगता कळले. यांतली काही चिन्हे त्या काळच्या मुसलमानी दरबारांतही चालत. म्हणजे राजाची चिन्हे वेगळी होती, दरबारी होती, सोन्याची होती. झेंडा मात्र दरबारात बसून राहणारी वस्तू नव्हे. तो गडावर असतो आणि फौजेपुढे असतो.

फौजेपुढचे मोठे निशाण हत्तीवरून नेत. त्या निशाणाला 'ढाल' म्हणत, आणि ते वाहणाऱ्या हत्तीला 'ढालगज'. साऱ्या सैन्याच्या पुढे, नगाऱ्याच्या गजरात, कोणाची भीडमुर्वत न धरता चालणारा तो हत्ती. आपल्या आया-आज्यांनी एखाद्या पुढे पुढे करणाऱ्या बाईला 'ढालगज भवानी' म्हटले, तेव्हा त्या मराठी लष्कराचाच एक शब्द चुलीपाशी वापरीत होत्या, याची त्यांना कल्पना नसेल. राज्य गेले, हत्ती गेले. ढालगज तेवढी घरात राहिली.

मग जरीपटका कोठून आला? येथे आमच्या जरीवाल्या मुलीला अर्धा विजय आणि अर्धा पराभव पत्करावा लागतो. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये, रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचले. राजधानी नाही, खजिना नाही, आणि औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून बसलेला. अशा वेळी संताजी घोरपड्यांना सेनापती केले, 'हिंदुराव', 'ममलकतमदार' असे किताब दिले, आणि त्यांच्या हवाली एक नवे निशाण केले, तोच जरीपटका, असे ग्रँट डफ लिहितो. बादशाही उमरावाप्रमाणे नौबत वाजवण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. नाव सांगते त्याप्रमाणे हा पटका जरीचा. पण त्याची खरी किंमत जरीत नव्हती. राजा शेकडो मैल दूर असताना, ज्याच्यापुढे हे निशाण चालेल त्याचा शब्द राजाचा शब्द मानावा, अशी ती सनद होती. कागदावर न लिहिता काठीवर चढवलेली.

दोन्हींतला भेद एका वाक्यात सांगायचा तर असा. भगवा राज्याचा, जरीपटका अधिकाराचा. पहिला कोणी कोणाला देत नाही, तो असतोच. दुसरा दिला जातो, म्हणून काढूनही घेतला जातो. संताजींसारख्या वीराचे सेनापतिपद गेले आणि १६९७ मध्ये त्यांचा शेवट आपल्याच माणसांच्या वैरातून झाला. पुढे पेशव्यांच्या काळात जरीपटका मोहिमेच्या मुख्य फौजेबरोबर चालू लागला आणि लोकांच्या मनात तो पेशवाईशी जोडला गेला. त्याच्या मानाचे सरदारांना मोठे अप्रूप. तो कोणाबरोबर आहे यावरून त्या मोहिमेचा मुखत्यार कोण हे समजे.

हे सारे मी मुलांना दुसऱ्या दिवशी सांगितले. पण पोयसरच्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला होता. कारण त्याच्या गावात हा झेंडा कसा आला, हे मी अजून सांगितले नव्हते. ते सांगणे थोडे अवघडही होते.

आपण राहतो ती ही भूमी म्हणजे जुने साष्टी बेट. ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतची सारी गावे यात येतात. कांदिवली, पोयसर, मालाड, बोरिवली ही त्यांतलीच. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढे दोनशे वर्षे त्यांचे निशाण येथे राहिले. त्या काळात येथल्या कुणब्या-कोळ्यांपैकी पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. देवळे पाडली गेली, सक्ती झाली, हे इतिहासाने लपवलेले नाही. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत भगवा आला. दोन वर्षांनी, १७३९ च्या मेमध्ये, चिमाजीअप्पांनी वसईचा कोट घेतला.

वसईची मोहीम मोठी विलक्षण होती. खाडीच्या चिखलात मोर्चे, तटाखाली सुरुंग, एक सुरुंग उडतो तर दुसरा आपल्याच माणसांवर कोसळतो. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी निरनिराळ्या घराण्यांची माणसे त्यात होती. आपापसांत त्यांचे नेहमी पटे असे नाही. पण बुरुजावर झेंडा लावायचा म्हटला की तो कोणत्या घराण्याचा, हा प्रश्न नव्हता.

आणि आता ती गोष्ट, जी मला पोयसरच्या मुलाला सांगायची होती. वसई पडली तेव्हा झालेल्या करारात, पोर्तुगीज सैन्याला आपली हत्यारे घेऊन, वाद्ये वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडण्याची मुभा होती. माणसांना व मालमत्तेला हलवण्यासाठी आठवड्याचा अवधी मिळाला. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल असेही ठरले. दोन वर्षांच्या झुंजीत मराठ्यांचे हजारो लोक पडले होते. वसईच्या चर्चांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या, त्यांपैकी एक नाशकास नारोशंकराच्या देवळात आणि एक भीमाशंकरास आजही दिसते. सूड घ्यायला निमित्ते पुरेशी होती. तरीही पराभूत शत्रूचे निशाण उतरवून त्यावर पाय न ठेवता, ते ताठ उभे असतानाच त्याला वाट करून दिली गेली. युद्धाची ती रीत युरोपातही होती. पण रीत असणे निराळे आणि रक्त तापलेले असताना ती पाळणे निराळे.

मागे राहिले ते ख्रिस्ती लोक म्हणजे या मुलाचे पूर्वज. त्यांनी चर्च सोडले नाही आणि मराठीही सोडली नाही. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पण लग्नातली गाणी त्यांची आजही मराठीच आहेत. साष्टीवरचा मराठी अंमल सुमारे सदतीस वर्षे टिकला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. चार राज्यांची निशाणे या मातीने पाहिली. माती आणि माणसे मात्र येथेच राहिली.

साष्टीत भगवा असतानाच तो उत्तरेस कोठवर गेला, हे आपली भाषाच सांगते. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर लाहोरात शिरले आणि पुढे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत मराठी ठाणी बसली. तेव्हापासून कोणी परदेशात शिकून आला, कोणी पहिला नंबर मिळवला, की आपण 'अटकेपार झेंडा लावला' म्हणतो. या वाक्यात झेंडा कोणाचा हे सांगावे लागत नाही, हे लक्षात घ्या. होळकरांचा म्हणावा तर शिंदे रागावतील, पेशव्यांचा म्हणावा तर दोघेही.

आता त्या 'काही नसण्या'कडे वळतो. अठराव्या शतकात मराठी सत्ता ही एका घराची राहिली नव्हती. पुण्यात पेशवे, ग्वाल्हेरीस शिंदे, इंदुरास होळकर, बडोद्यास गायकवाड, नागपुरास भोसले. एकमेकांशी ते लढलेसुद्धा. तरी पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आणि मग आपले. गायकवाडांचे 'सेनाखासखेल' आणि नागपूरकरांचे 'सेनासाहेब सुभा' हे किताब साताऱ्याचेच. प्रत्येक घराण्याची स्वतःची चिन्हे होती, शिंद्यांच्या राजचिन्हात सूर्य आणि नाग आहेत. पण कापडाचा रंग पाहिला की हे सारे एका कुळातले, हे ओळखू येई. भगव्यावर एखाद्या घराचे चित्र काढले असते, तर दुसऱ्या घराला तो परका झाला असता. कोरा होता म्हणून तो सर्वांना सामाईक राहिला. आमच्या आवारातल्या विहिरीप्रमाणे: तिच्यावर कोणी नाव कोरले नव्हते, म्हणून सगळे पाणी भरीत.

सामाईक वस्तूची आठवण मात्र ती जाऊ लागली म्हणजेच होते. ज्या वसईवर १७३९ मध्ये झेंडा लागला, त्याच वसईस १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य बांधून दिले. पंधरा वर्षे कशीबशी गेली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. फौज पुण्यातून निघण्यापूर्वीच जरीपटक्याची काठी मोडली आणि त्या अपशकुनाने लोकांचे मन खचले, असे डफ नमूद करतो. बापू गोखल्यांनी निवडक घोडदळ जरीपटक्यासह शत्रूवर घातले; पण मध्ये दलदल लागली, घोडे रुतले, आणि हल्ला फिसकटला.

त्या दिवशी मोर दीक्षित हे पेशव्यांचे एक मातबर सरदार पडले. इंग्रजांकडील कॅप्टन फोर्ड हा त्यांचा स्नेही. लढाई अटळ दिसू लागली तेव्हा दोघांनी एकमेकांच्या कुटुंबाला सांभाळण्याचे वचन दिले-घेतले होते. आणि दैव असे, की दीक्षितांना लागलेला गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेचा होता. झेंड्यांच्या इतिहासात अशा मैत्रीला जागा नसते. मला मात्र खडकी म्हटले की हे दोघेच आठवतात.

१७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते बाळाजीपंत नातूंनी चढवले, हे पुण्याने कधी विसरले नाही. पण त्यानंतर तीन महिन्यांनी साताऱ्यास जे घडले, ते फारसे कोणी सांगत नाही, आणि झेंड्याच्या 'सरकारी उपयोगा'चा याहून बोलका दाखला मला माहीत नाही. १० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल स्मिथने साताऱ्याचा किल्ला घेतला. गडावर इंग्रजी निशाण लागले. आणि दुसऱ्याच दिवशी ते खाली उतरवून, इंग्रजांनी आपल्याच हाताने तेथे भगवा झेंडा चढवला!

हे काही औदार्य नव्हते. एल्फिन्स्टन हा फार हुशार माणूस. लोकांच्या मनात पेशवा आणि राज्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने नेमके हेरले. भांडण बाजीरावाशी आहे, शिवाजीच्या गादीशी नाही, असे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी जाहीरनामा काढला, आणि जाहीरनामा न वाचणाऱ्यांसाठी गडावर झेंडा लावला. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने तो झेंडा लागला ते प्रतापसिंह महाराज त्या दिवशी बाजीरावाच्या छावणीत, जवळजवळ कैदेत, रानोमाळ हिंडत होते. ते इंग्रजांच्या हाती आले आष्टीच्या लढाईत, २० फेब्रुवारीला. त्याच लढाईत बापू गोखले पडले. झेंडा आधी आला, राजा मागून. पुढे १८३९ मध्ये त्याच इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. जो झेंडा आपल्या सोयीसाठी दुसरा चढवतो, तो आपल्या सोयीने उतरवतोही. हे मी मुलांना दोनदा सांगितले, कारण ते फक्त १८१८ पुरते खरे नाही.

राहिला तिरंगा. त्याच्या आणि भगव्याच्या वाटा एकदा अगदी जवळ आल्या होत्या. १९३१ मध्ये काँग्रेसने झेंड्याचा विचार करण्यासाठी सात जणांची समिती नेमली, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर तिच्यात होते. समितीने सुचवले, की राष्ट्राचा झेंडा एकाच, केशरी रंगाचा असावा व त्यावर चरखा असावा. रंगांचे धर्मवार अर्थ लावले जात होते, ते टाळण्यासाठी ही सूचना होती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीने ती बाजूस ठेवून केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगा पत्करला. देश महाराष्ट्राहून मोठा आहे. एका प्रांताच्या ओळखीचा रंग साऱ्यांनी आपला मानावा हे सोपे नव्हते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन तिरंगा राष्ट्रध्वज केला. केशरी त्यात आहेच, सर्वांत वर. पण इतरांच्या सोबतीने.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा त्याला राजमुद्रा मिळाली, झेंडा मिळाला नाही. भारतातल्या राज्यांना स्वतःचे ध्वज नाहीत. जम्मू-काश्मीरला होता, तो २०१९ मध्ये गेला. कर्नाटकाने २०१८ मध्ये आपला ध्वज ठरवून केंद्राकडे धाडला, त्याला मान्यता मिळाली नाही. भगव्याला मात्र सरकारदरबारी एक दिवस मिळाला: २०२१ मध्ये राज्य शासनाने ६ जून हा शिवस्वराज्य दिन म्हणून जिल्हा परिषदांत व ग्रामपंचायतींत भगव्या ध्वजासह स्वराज्यगुढी उभारून साजरा करण्याचे ठरवले. आणि २०२२ च्या सप्टेंबरात नौदलाच्या नव्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. ज्या राजाने कोकणच्या खाड्यांत गलबते बांधली, त्याची खूण तीनशे वर्षांनी समुद्रावर गेली, याचा मला कोणत्याही मिरवणुकीपेक्षा अधिक आनंद झाला.

एवढे ऐकून मुलांनी निकाल मागितला. मी म्हणालो, तिरंगा किल्ल्यावर नको. त्याचे नियम आहेत; त्याच्याहून उंच किंवा त्याला खेटून दुसरा ध्वज लावत नाहीत, आणि मातीच्या ढिगावर तर तो नकोच. तो सव्वीस जानेवारीला गच्चीवर आपण सारे मिळून लावू. जरीचा झेंडा बालेकिल्ल्यावर नाही, तर पायथ्याच्या फौजेपुढे, सेनापतीजवळ. आणि बालेकिल्ल्यावर भगवा, पण कोरा.

चित्राच्या झेंड्याचा धनी हिरमुसला. "महाराजांचे चित्र असले तर काय बिघडले?" त्याचे म्हणणे वावगे नव्हते. मी त्याला म्हटले, "अरे, महाराज सिंहासनावर बसलेच आहेत. झेंड्यावर काहीच नको, म्हणजे तो सगळ्यांना पुरतो." त्याला पटले की नाही, देवाला ठाऊक. पण त्याने घरातून केशरी घोटीव कागद आणला, आणि दोन टोके कापायचे काम स्वतःच केले.

पोयसरचा मुलगा तेवढा वेळ किल्ल्याच्या एका कडेला बसून काही करीत होता. जाऊन पाहिले, तर त्याने ताटलीत पाणी ओतून खाडी केली होती आणि तीत कागदाची एक होडी सोडली होती. होडीत आगपेटीच्या काडीला पांढऱ्या कागदाचा इवलासा झेंडा लावला होता, सरळ उभा.

"ते वसईहून चाललेत," तो म्हणाला. मग उठला, हात धुऊन आला, आणि बालेकिल्ल्यावरचा भगवा थोडा कलला होता, त्याच्या बुडाशी ओली माती दाबून त्याने तो सरळ केला.